लाल वहीतले वैद्यक

दिवाळीच्या अंकात वैद्यकीय संशोधनाची समीक्षा पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. फराळाचे ताट पुढे असताना कावीळ, विंचू आणि स्त्रियांची दुखणी यांच्या गोष्टी काढणे औचित्याला धरून नाही, असेही कोणी म्हणेल. त्यांचे म्हणणे मी नाकारीत नाही. परंतु या विषयाचा आणि दिवाळीचा एक संबंध माझ्या मनात लहानपणापासून जडलेला आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढचे विवेचन करता येणार नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतले व्यापारी नव्या चोपड्यांची पूजा करीत. आमचे डॉक्टरही त्याच दुकानातून तसलीच लाल कापडी बांधणीची, लांबट वही विकत आणीत आणि तिच्यावर हळदकुंकू वाहून दवाखान्याच्या टेबलावर ठेवीत. व्यापाऱ्याच्या वहीत उधारी असे. डॉक्टरांच्या वहीत रोगी असत. कोणाला कोणत्या दिवशी ताप आला, तो कोणत्या गल्लीत राहतो, पाणी कोणत्या विहिरीचे भरतो, आठवड्यापूर्वी कोठे जेवायला गेला होता, असा सारा तपशील ते बारीक अक्षरात लिहीत. आम्हा मुलांना त्या वहीचे फार कुतूहल वाटे. एकदा धीर करून विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, मी तुमचा कुलकर्णी. तुमच्या दुखण्यांचे दप्तर माझ्याकडे असते."

डॉक्टर गेले, पुढे घर विकले गेले आणि त्या पंचवीस-तीस वह्या रद्दीवाल्याच्या तराजूवर चढल्या. त्यातली एक, १९६५ च्या दिवाळीपासून १९६६ च्या दिवाळीपर्यंतची, एका परिचिताने मला आणून दिली. तीत श्रावण-भाद्रपदातली चार पाने पिवळ्या पेन्सिलीने रेघाळलेली आहेत. त्या साली गावात काविळीची साथ आली होती. ज्येष्ठाच्या अखेरीस सांडपाण्याचा नळ फुटून त्याचे पाणी मोठ्या विहिरीलगत साचले होते, ही नोंद आधी आहे. आणि नंतर, साधारण पाच-सहा आठवड्यांनी, त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांतली नावे एकामागून एक येतात. दुसऱ्या टोकाच्या विहिरीची नावे जवळजवळ नाहीत. तीन नावांपुढे 'गर्भवती' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. त्या तिघींपैकी दोघी वाचल्या नाहीत. त्या दोघींपैकी एक माझी काकू होती.

या टिपणांचा निबंध करून डॉक्टरांनी तो एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठविला होता. तो परत आल्याचे वहीच्या शेवटच्या पानावर एका ओळीत नमूद आहे. कारण लिहिलेले नाही. मी आयुष्यभर मराठी शिकविली. वैद्यकात मला गती नाही. परंतु ती ओळ वाचल्यापासून एक प्रश्न माझा पाठलाग करीत आला आहे. घरोघर जाणाऱ्या वैद्याला जे दिसते, त्याला ज्ञान केव्हा म्हणावयाचे? ते कोणी लिहावे, कोणी छापावे, आणि मुख्य म्हणजे कोणी वाचावे? कुटुंबवैद्यक आणि लोकारोग्य या शाखांतील काही लेखन मी या प्रश्नासाठी वाचले. ते एक वाङ्मय आहे, असे समजून वाचले. त्याचा हा हिशेब आहे.

पहिला मान विल्यम पिकल्स या इंग्रज डॉक्टरांना द्यावा लागेल. यॉर्कशरमधील वेन्स्लीडेल नावाच्या खोऱ्यात, आयस्गार्थ या खेड्यात, त्यांनी जन्मभर दवाखाना चालविला. १९३९ साली त्यांचे 'एपिडेमिऑलॉजी इन कंट्री प्रॅक्टिस' हे छोटेखानी पुस्तक निघाले. त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी आपल्या खोऱ्यातील प्रत्येक साथीच्या रोग्याची नोंद ठेवली होती, आणि ते तक्ते भरण्याच्या कामी त्यांच्या घरची माणसेही हात लावीत. शहरातल्या रुग्णालयात रोगी येतो तो कोठून आला, कोणाच्या संगतीत होता, हे कळत नाही. खेड्यात मात्र एक माणूस आजारी पडला की तो कोणाकडून आजारी पडला हे सांगता येते. पिकल्स यांची सारी प्रतिज्ञा एवढीच आहे. १९२९ च्या काविळीच्या साथीत त्यांनी एका मुलीला सकाळी अंथरुणात पाहिले होते. तीच मुलगी त्या दिवशी गावच्या जत्रेत हजर झाली, आणि पुढे सुमारे महिन्याभराने त्या जत्रेतल्या माणसांना कावीळ झाली. काविळीचे बीज शरीरात शिरल्यापासून ती दिसेपर्यंत किती दिवस जातात, याचा हिशेब त्यांना अशा माणसांवरून बांधता आला. कोणतेही यंत्र त्यासाठी लागले नाही. माणसांची ओळख लागली.

समीक्षकाच्या दृष्टीने या पुस्तकाचा गुण कोणता? त्याची भाषा साधी आहे, आणि निष्कर्ष व निरीक्षण यांच्यामध्ये लेखक उभा राहत नाही, हा एक गुण झाला. पण याहून मोठा गुण असा, की त्यातला रोगी आकडा झाल्यावरही शेजारी राहतो. ती जत्रेतली मुलगी वाचकाच्या लक्षात राहते, आणि तिच्यामुळे सिद्धान्तही राहतो. दोषही सांगितला पाहिजे. ज्याच्या नोंदीत सारे गाव ओळखीचे आहे त्याला गावाबाहेरच्या जगाविषयी बोलताना संकोच वाटला पाहिजे, आणि एका खोऱ्यावरून साऱ्या शहरांचा अंदाज बांधता येत नाही. पिकल्स यांनी हा संकोच बऱ्याच अंशी पाळला आहे. १९५२ साली ब्रिटनमध्ये सामान्य व्यवसायी डॉक्टरांचे महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले, यात नवल नाही.

याच ठिकाणी मला आमच्या वहीची आठवण होते. नळ फुटला ती तारीख आणि पहिली कावीळ दिसली ती तारीख यांमधले अंतर डॉक्टरांनी समासात मोजून ठेवले होते. दुसऱ्या गोलार्धातले पुस्तक त्यांनी वाचले असेल की नाही, ठाऊक नाही. पण दोघांची नजर एकच होती. फरक एवढाच, की एकाची वही ग्रंथ झाली आणि दुसऱ्याची रद्दी.

कोणी म्हणेल, रद्दी झाली तर काय बिघडले? एका तालुक्याच्या गावातली कावीळ ती. विज्ञानाचा रथ तिच्यावाचून अडला नसता. याला उत्तर म्हणून दिल्लीची हकीकत सांगतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले होते, आणि कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे २९,००० पर्यंत गेली. त्या साथीचा तपशीलवार अभ्यास झाला, १९५७ साली तो छापला गेला, आणि गर्भवती स्त्रियांना हा रोग विशेष घातक ठरतो ही गोष्ट त्यात नोंदली गेली. त्यावेळी हा काविळीचा नेहमीचाच प्रकार मानला गेला. परंतु त्या रोग्यांचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. १९८० साली ते नव्या पद्धतीने तपासले तेव्हा कळले, की तो रोग तोवर माहीत असलेल्या दोन्ही प्रकारांपैकी नव्हताच. आज आपण त्याला हेपेटायटिस ई म्हणतो. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी तरी नीट लिहून ठेवले होते, जपून ठेवले होते, म्हणून पंचवीस वर्षांनंतरच्या माणसाला प्रश्न विचारता आला.

माझ्या काकूच्या नावापुढच्या दोन रेघा हाच प्रश्न विचारीत होत्या. आमच्या गावची साथ त्याच रोगाची होती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तपासायला काही उरलेलेच नाही. पण लक्षणे त्या बाजूची आहेत. अशी किती गावे, किती वह्या आणि किती रेघा असतील! प्रसिद्धी म्हणजे कीर्ती असा आपला समज असतो. वैद्यकात प्रसिद्धी म्हणजे दुसऱ्या गावाला वेळेवर दिलेली हाक होय.

आपल्या महाराष्ट्रात अशी हाक ज्यांनी दिली त्यांत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव प्रथम येते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. १९७६ च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झालेल्या या तरुण डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून काय होते ते पाहिले. आधी ओकाऱ्या आणि दरदरून घाम, हातपाय गार, मग हृदयावर ताण पडून फुप्फुसात पाणी भरणे आणि शेवट. ही लक्षणांची मालिका त्यांनी लिहिली आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यांनी वापरले. त्यापूर्वी गंभीर दंशाच्या रोग्यांत शेकडा २५ ते ३० मृत्यू होत, ते शेकडा १ च्या आसपास आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे.

या कथेचा गौरव पुष्कळांनी केला आहे. मला तिच्यातला एक वेगळा भाग समीक्षेच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा एक निबंध आला. महाड येथे ७० रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दैवावर विभागणी करून ३५ जणांना नुसते प्राझोसिन दिले आणि ३५ जणांना प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस दिली. दहा तासांत पहिल्या गटातले ८ पूर्ण बरे झाले. दुसऱ्या गटातले ३२. म्हणजे ज्या औषधाने आपले नाव झाले, ते एकटे पुरेसे वेगाने काम करीत नाही, हे स्वतःच मोजून स्वतःच जाहीर करणे! आपल्या पहिल्या कवितासंग्रहातल्या उणिवा दुसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत मांडणारा कवी मला अजून भेटावयाचा आहे. निबंधाच्या मर्यादाही उघड आहेत. रोगी थोडे, रुग्णालय एकच, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्यास ठाऊक होते. पण त्या मर्यादा लेखकांनी झाकलेल्या नाहीत, आणि झाकलेल्या नाहीत म्हणूनच त्या निबंधावर भरवसा ठेवावासा वाटतो.

याच लेखकाने 'बॅरिस्टरचं कार्टं' या नावाने मराठीत आत्मचरित्रही लिहिले आहे. दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचावे, असे मी वाचकांना सुचवीन. शोधनिबंधात 'मी' नाही, रात्र नाही, भीती नाही. तेथे वय आहे, नाडी आहे, तास आहेत. आत्मचरित्रात दारिद्र्यातून शिकलेला, चिडणारा, हट्टी असा माणूस आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला दुसरे अधिक आवडेल, आणि मीही प्रथम तिकडेच ओढलो गेलो. पण नंतर वाटले, शोधनिबंधाच्या कोरडेपणाला आपण फार लवकर नावे ठेवतो. त्या कोरडेपणामुळेच ट्युनिशियातल्या किंवा ब्राझीलमधल्या डॉक्टरला, लेखकाच्या स्वभावाशी काही देणेघेणे नसताना, तो निबंध वापरता येतो. आत्मचरित्र आपल्याला त्या माणसाजवळ नेते. निबंध त्या माणसावाचून काम करतो. हा कोरडेपणा म्हणजे एक प्रकारचे सौजन्यच आहे.

मात्र सौजन्य कोणाशी, हा प्रश्न उरतोच. तो मला सर्वांत तीव्रपणे जाणवला तो गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा १९८९ चा 'लॅन्सेट'मधला निबंध वाचताना. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरांतल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी कोणता ना कोणता रोग होता. आणि याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरांत ८. हे ९२ आणि हे ८ मिळून १०० होतात हा योगायोग खरा. पण वाचताना डोळा तेथे थबकतो. तक्रार सांगणाऱ्या ५५ होत्या. म्हणजे कितीतरी जणी रोग अंगावर घेऊन, तक्रारीचा शब्दही न काढता, धान निंदीत होत्या, पाणी भरीत होत्या, मुले वाढवीत होत्या.

आपल्या कथा-कादंबऱ्यांनी स्त्रीच्या सोशीकपणाची वर्णने थोडी का केली आहेत? त्या सोशीकपणाखाली काय असते, याचा इतका थेट पुरावा मात्र मला कोणत्याही कादंबरीत मिळाला नव्हता. लोकारोग्याच्या संशोधनाचे हे सामर्थ्य आहे. ज्याला आपण स्वभाव म्हणत होतो, तो रोग निघतो. ज्याला दैव म्हणत होतो, ते दुर्लक्ष निघते. निबंधाच्या मथळ्यात 'ग्रामीण भारतीय स्त्रिया' असा व्यापक शब्दप्रयोग आहे आणि खेडी मात्र दोन, हा त्यातला दोष मी दाखवीन. दोन खेड्यांवरून देशाविषयी बोलण्याचे धाडस पिकल्स यांनी केले नसते. परंतु कधी कधी मथळ्याने थोडे पुढे धावावे लागते, नाहीतर मागून कोणी येत नाही. त्या निबंधानंतर स्त्रीआरोग्य म्हणजे केवळ संततिनियमन आणि बाळंतपण नव्हे, या विचाराला जगभर बळ मिळाले.

त्याच जोडप्याचा १९९९ चा निबंध नवजात बालकांविषयी आहे. ३९ गावांत त्यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी बाळांची देखभाल करविली. ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू शेकडा ६२ नी उणे झाले. २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याचे ठरविले. म्हणजे छापलेल्या कागदापासून पाळण्यापर्यंतचा प्रवास बारा वर्षांचा झाला. वैद्यकाच्या इतिहासात हा वेग मंद म्हणता येणार नाही. तथापि ज्या घरात त्या बारा वर्षांत पाळणा रिकामा राहिला, त्या घरासाठी तो फार मंद होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या ६५० स्त्रियांपैकी किती जणींना 'लॅन्सेट' वाचता आले असते? उत्तर सांगण्याची गरज नाही. पुढे डॉ. राणी बंग यांनी 'कानोसा' हे मराठी पुस्तक लिहून त्या स्त्रियांचे बोलणे आपल्यापर्यंत आणले, हे त्यांचे मोठेपण आहे. परंतु हा अपवाद झाला. प्रघात असा, की रक्त, थुंकी, घाम आणि हकीकत खेड्याने द्यावी, आणि ज्ञान इंग्रजीत, दूरच्या राजधानीत, वर्गणी भरणाऱ्यांच्या कपाटात जमा व्हावे.

वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या खेड्यात काम करणारे डॉ. ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये एक सिद्धान्त मांडला होता. चांगली वैद्यकीय सेवा जेथे सर्वांत अधिक हवी, तेथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि वैद्यक बाजाराच्या हाती जितके जाईल तितके हे अधिक खरे होत जाते, असा त्याचा आशय आहे. त्या निबंधाची शैली वकिलाची आहे, थोडी कडवटही आहे. पण लेखकाने आपल्या खेड्यातल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजण्याचे व्रत वर्षानुवर्षे चालविले, त्यामुळे तो कडवटपणा त्याने कमावलेला होता असे म्हणावे लागते. त्याच सिद्धान्ताला मी एक पुरवणी जोडू इच्छितो. वैद्यकाचे लिखित ज्ञान ज्यांच्या शरीरावरून उभे राहिले, त्यांच्यापर्यंतच ते सर्वांत शेवटी पोचते.

आणि जे लिहिले जाते ते तरी सारे ज्ञान असते काय? येथे मला नाइलाजाने कटू बोलावे लागत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी निबंध छापून येणे आवश्यक झाले. २०१५ साली तत्कालीन भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने तर निबंधाच्या पहिल्या दोनच लेखकांना श्रेय मिळेल असे ठरविले होते. हा नियम २०२० मध्ये बदलण्यात आला. हेतू चांगला असेल. परंतु हुंड्याप्रमाणे निबंधाचीही मागणी ठरली की बाजार आपोआप उभा राहतो. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ साली आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्याच वर्षी पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठांनी सुचविलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली शेकडा ८८ कसोटीला उतरत नव्हती. मग पुण्याच्या विद्यापीठात बसून नवी, गाळीव यादी करण्याचा उपक्रम झाला. तोही २०२५ साली आयोगाने बंद केला.

असले काही निबंध मी वाचले. अमुक तालुक्यातील मातांचे लसीकरणविषयक ज्ञान, तमुक वस्तीतील वृद्धांचा रक्तदाब. त्यात तक्ते असतात, शेकडेवारी असते, शेवटी 'जनजागृतीची आवश्यकता आहे' असे वाक्य असते. ज्या मातेला ज्ञान नाही म्हणून गुण कमी दिले, तिच्या गावी लस घेऊन येणारी बाई महिनाभर का आली नव्हती, हे विचारलेले नसते. हे लेखन खोटे नसेल; पण ते कोणाला हाक मारीत नाही. ज्याला काहीच सांगावयाचे नाही त्याने लिहिलेली कविता आणि असा निबंध यांत मला फरक दिसत नाही. उलट ज्याला सांगावयाचे आहे तो, दिवसाला शंभर रोगी तपासणारा पेठेतला डॉक्टर, लिहीत नाही. त्याला वेळ नाही, बढती नाही. इंग्रजीतली ठरावीक चौकट त्याला परकी वाटते, आणि नावाजलेल्या कित्येक नियतकालिकांचे छपाईशुल्क डॉलरांत मोजावे लागते.

या चित्रात उजेड नाही असे नाही. १९७४ साली सुरू झालेल्या 'मेडिको फ्रेंड सर्कल'च्या साध्या पत्रिकेत, १९९३ पासून मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकात आणि २०१२ पासून निघणाऱ्या भारतीय कुटुंबवैद्यांच्या नियतकालिकात गावपातळीवरच्या डॉक्टरांना जागा मिळाली आहे. जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे काम तर १९७५ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात गेले. पण हे सारे इंग्रजीत आहे.

यावर माझे एक डॉक्टर स्नेही मला नेहमी अडवितात. ते म्हणतात, "मास्तर, विज्ञानाची भाषा एकच असावी लागते. बावस्कर मराठीत लिहीत बसले असते तर ट्युनिशियाला काय कळले असते?" त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. आणखी एक गोष्ट ते सांगतात, तीही मान्य आहे: वहीतले निरीक्षण म्हणजे सिद्धान्त नव्हे, आमच्या डॉक्टरांचा निबंध परत पाठविणाऱ्या संपादकाला कदाचित पाण्याची परीक्षा हवी असेल, दुसऱ्या विहिरीचे मोजके आकडे हवे असतील. हे खरे असू शकेल. परीक्षक कठोर असलाच पाहिजे. तो नसला की काय होते ते वर सांगितलेच आहे. माझा आग्रह इंग्रजी निबंध टाकून द्यावा असा नाही. त्याच्या जोडीला दुसरे एक लेखन व्हावे, एवढाच आहे. ज्या गावात अभ्यास झाला त्या गावाला, त्याच्या बोलीत, चार पानांत काय आढळले ते कळवावे. काय करावे तेही सांगावे. आणि जे आढळले नाही, जे चुकले, तेही सांगावे. व्यापारी वर्षाअखेर हिशेब देतो. ज्ञानाच्या व्यापाऱ्याने का देऊ नये?

१७९७ साली एडवर्ड जेन्नर या खेड्यातल्या डॉक्टरचा देवीच्या लसीवरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने स्वीकारला नाही. त्याने आणखी पुरावा जमविला आणि १७९८ साली पदरच्या पैशाने पुस्तक काढले. नकार पचवून पुन्हा मोजायला बसण्याचे बळ प्रत्येकात नसते. आमच्या डॉक्टरांत ते होते की नाही, ते मला सांगता येत नाही. एवढे खरे, की त्या नकारानंतरच्या पानावर दुसऱ्या दिवसाचे रोगी त्याच बारीक अक्षरात लिहिलेले आहेत.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी ती वही काढली. घरात तीन पिढ्या जमल्या होत्या. काकूच्या मुलाने, तो आज सत्तरीला टेकला आहे, चष्मा पुसून ते पान प्रथमच वाचले. आई कशाने गेली हे त्याला कोणी नीट सांगितले नव्हते. नशीब म्हणून सांगितले होते. नळाची तारीख, विहिरीचे नाव आणि त्या दोन रेघा त्याने बोटाने मोजल्या आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे कोणाला तरी माहीत होते." त्याच्या नातीने, ती नुकतीच वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला गेली आहे, वही मागून घेतली. पानांची छायाचित्रे काढून ठेवते म्हणाली. मी वही तिच्याच हाती दिली आणि जोडीला, दुकानातून त्याच दिवशी आणलेली, कोरी लाल वही दिली.